उभ्या म्हसोबाचं इतिहास मंडळ

सेलूच्या इतिहास मंडळाकडे इतिहासाची एखादी वस्तू सोडली तर बाकी सगळं होतं. अध्यक्ष होते विष्णुपंत वकील. ते पाहुण्याला चहा विचारतानासुद्धा उलटतपासणी घेत. खजिनदार होते बन्सीधरशेठ, कापसाचे अडते. मंडळ त्यांच्या दुकानामागच्या खोलीत भरायचं, त्यामुळे बैठक संपवून सभासद घरी निघाले की प्रत्येकाच्या अंगावर थोडा थोडा कापूस असायचा. मंडळाचे विद्वान होते दिनकरराव मास्तर. 'सेलू हे नाव कसे पडले' हा आपला निबंध त्यांनी तीनदा वाचून दाखवला होता आणि तिन्ही वेळा ते नाव वेगवेगळ्या कारणानं पडलं होतं. चिटणीस होता अनंतराव. एक पाचवा सभासदही होता, पण त्याला पूर्णेला रेल्वेत नोकरी लागली आणि तो इतिहासातून सुटला.

अनंतराव जिनिंगमध्ये कारकून होता. दुसऱ्यांनी गाठी मोजल्या की 'बरोबर' म्हणायचं, एवढं त्याचं काम. घरी चार थोरले भाऊ होते. याचं बोलणं सुरू होईपर्यंत पंगत उठलेली असायची. अख्ख्या सेलूत अशी एकच जागा होती, जिथं तो तोंड उघडायचा आणि माणसं मान वळवून ऐकायची. ती म्हणजे कापसाच्या दुकानामागची खोली. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं म्हटलं तर ते ऐकणारी माणसंही त्याच खोलीत होती.

निजाम सरकारात चार माणसं जमून बोलायची तर इजाजत लागे. मंडळाला ती मिळाली होती, पण एका अटीवर. गेल्या दोनशे वर्षांतलं काही बोलायचं नाही. सभासद अट कसोशीनं पाळत. एकदा विष्णुपंतांनी बन्सीधरशेठना "सर्दी कशी आहे" असं विचारलं, तेव्हा दिनकररावांनी हरकत घेतली आणि सर्दीचा विषय बाहेर ओट्यावर नेऊन संपवावा लागला.

फसली तेराशे पन्नास साल संपत आलं होतं. त्या सालाचा शेवटचा महिना आबान, आणि त्याच्या तोंडावर वरच्या कचेरीतून हुकूम आला. मंडळाच्या जागेत कोणती पुरातन वस्तू आहे, ते महिनाअखेर गिर्दावर, म्हणजे तपासणी अधिकारी, येऊन पाहतील. पुढच्या सालात मंडळ काय काय करणार, तेही त्यांना सांगावं. वस्तू नसेल तर इजाजत रद्द, मंडळ बंद.

विष्णुपंतांनी हुकूम वाचला आणि चष्मा काढला.

"आपली वस्तू कोणती?"

"तलवार होती," अनंतराव म्हणाला. "ती नाटक कंपनीची निघाली. मॅनेजर येऊन घेऊन गेला."

"दुधनेच्या पात्रात सापडलेलं मडकं?"

बन्सीधरशेठ जमिनीकडे पाहू लागले. "आईनं त्यात दही लावलं."

"सातवाहन काळातल्या मडक्यात?"

"दही चांगलं लागलं, पंत. मग मांजरानं पाडलं."

दिनकररावांनी घसा खाकरला. "वस्तू नसली तरी निबंध आहे. गिर्दावरांना वाचून दाखवता येईल."

विष्णुपंतांनी चष्मा परत लावून हुकूमच पुन्हा वाचायला घेतला. अनंतरावाला खोलीच्या दाराला कुलूप दिसलं. कुलूप अजून लागलं नव्हतं, पण त्याला ते किल्लीसकट दिसलं.

"पिंपळखैरीला एक दगड आहे," तो म्हणाला.

तिघांनी माना वळवल्या.

"देवगाव फाट्यापलीकडं. एका लग्नाला गेलो होतो. गावाबाहेर देव आहे, उभा म्हसोबा म्हणतात. शेंदराचा गोळा नुसता. पण कडा छिन्नीनं घडवलेल्या आहेत. म्हसोबाला कुठं अशा कडा असतात? आत वीरगळ आहे. लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड. सात-आठशे वर्षांचा असेल."

"आणि गाव तो देईल?"

"मागून बघू."

"देव मागून आणायचा?" बन्सीधरशेठ म्हणाले. "मला लोक उसना बैल द्यायला तयार नाहीत."

तरी पुढच्या सुट्टीला बन्सीधरशेठची बैलगाडी निघाली. दगड गुंडाळायला गाडीत मऊ कापूस भरला होता, त्यामुळे काळ्या मातीतल्या खाचखळग्यांतूनही मंडळ सुखात गेलं. दिनकररावांना तर झोप लागली.

पिंपळखैरीत देवाची पूजा सटवाजी गुरव करायचा. देव ज्या शेताच्या बांधावर होता ते शेत कडूबाईचं. कडूबाई वयानं आणि आवाजानं गावात सगळ्यांत मोठी होती. पाटील गावाला विचारून कडूबाईला सांगत नसे. कडूबाईला विचारून गावाला सांगे. मंडळ उतरलं तेव्हा ती मुगाच्या शेंगा झोडत होती आणि बघता बघता तिच्याभोवती अर्धं गाव गोळा झालं.

"जेवून आलाव का जेवायचंय?" तिनं विचारलं.

"आम्ही देव न्यायला आलोत," विष्णुपंत म्हणाले. वकिलाला मुद्द्यावर यायची सवय.

"म्हंजी जेवून आलाव."

अनंतराव पुढं झाला. त्यानं मंडळ म्हणजे काय, वस्तू म्हणजे काय, आणि वस्तू नसली तर मंडळाचं काय होणार, ते सगळं सांगितलं. देवाला सेलूत पक्क्या छताची खोली मिळेल हेही सांगितलं. कापसाचं सांगितलं नाही. सटवाजीनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"न्या की," तो म्हणाला. "आमी कोन न्हाई म्हननार? पन त्याला विचारा."

म्हणजे कौल लावायचा. पद्धत सोपी होती. देवाच्या अंगावर दोन बाजूंना झेंडूची एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर न्हाई. पिंपळखैरीत लग्नं, पेरण्या आणि वाटण्या अशाच ठरत.

सटवाजीनं पाकळ्या लावल्या. शेंदराच्या ढिगातून दोन चांदीचे डोळे मंडळाकडे पाहत होते.

"देवा, सेलूला जातोस का?"

डावी पाकळी इतक्या झटक्यात पडली की बन्सीधरशेठना वाटलं, देवाचं आधीच ठरलं होतं.

"अपील," विष्णुपंत म्हणाले.

"काय?"

"आमची हरकत आहे. डावी कोणाची डावी? आपली की देवाची? देव आपल्याकडे तोंड करून उभा आहे. आपली डावी ती त्याची उजवी. म्हणजे देव हो म्हणाला."

गावात कुजबुज झाली. एक म्हातारा म्हणाला, असं असंल तर माझं लग्नच झालेलं न्हाई. त्याची बायको मागं उभी होती, ती म्हणाली, मग भाकरी कोनाची खायलाव इतके दिस.

हा वाद चालू असताना दिनकरराव मोकळे होते. निकाल लागेपर्यंत मापं घेऊ म्हणून त्यांनी शाळेची पट्टी काढली आणि शेंदूर किती जाड आहे ते बघायला कडेच्या फटीत सरकवली. शेंदूर वीतभर जाड होता. तो पिढ्यानपिढ्यांचा, तेला-तुपानं घट्ट झालेला थर भिंतीचा गिलावा सुटावा तसा एका तुकड्यात सुटला आणि चांदीच्या डोळ्यांसकट दिनकररावांच्या हातात आला.

आत खरंच वीरगळ होता. ढाल होती, तलवार होती, गायी होत्या. फक्त सगळ्यांत वर पाय होते. वीराची पावलं आभाळाकडे होती आणि डोकं खाली जमिनीकडे होतं. चांदीचे डोळे ज्या जागी बसवले होते, तिथं त्याचे गुडघे होते.

दिनकरराव तो थर परत लावता येतो का ते बघत होते.

"उलटा हाय," सटवाजी म्हणाला आणि खाली बसला. "माझ्या पंजानं, आज्याच्या बापानं रोवला ह्यो. पुरात उघडा पडला व्हता. अंधारात रोवला म्हनं."

"उभाच हाय," कडूबाई म्हणाली. "डोक्यावर हाय इतकंच."

विष्णुपंतांनी अनंतरावाचा हात धरून त्याला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा खटला जिंकल्यासारखा झाला होता. "चिटणीस, नशीब उघडलं. उलटा देव अशुभ असतो म्हणा. घाबरलेत सगळे. संध्याकाळपर्यंत दगड गाडीत."

खरं होतं ते. गाव घाबरलं होतं. काही जण दोन पावलं मागं सरकले होते. एक शब्द बोलायची खोटी, मंडळ वाचलं असतं. अनंतरावाची खोली, बैठक, सगळं शाबूत. तेवढ्यात कडूबाई नेमकी त्याच्याकडेच वळली.

"तुमी शिकलेले हाव. उलटा देव चालतो का?"

गाव त्याच्याकडे पाहू लागलं. जिनिंगमध्ये जन्मभर 'बरोबर' म्हणून इतकी माणसं त्याच्याकडे वळली नसती. अनंतरावानं सटवाजीकडे पाहिलं. त्यानं दिनकररावांच्या हातून शेंदराचा थर काढून घेतला होता आणि लेकरू घ्यावं तसा मांडीवर ठेवला होता.

"देव तोच हाय, मावशी," अनंतराव म्हणाला. "चूक रोवनाऱ्याची. अंधारात कुनाची बी झाली असती. आमी सरळ करून देतो. हितंच."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण त्यांच्यासारखंच बोलायला लागलोत, आणि मंडळ बुडवलंय.

विष्णुपंत त्याच्याकडे फुटलेल्या साक्षीदाराकडे पाहावं तसं पाहत होते. "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"

अनंतरावानं थोडा विचार केला. "दगडाच्या."

देवाला हलवायचं तर त्यालाही कौल हवा. आता शेंदूर नसल्यानं पाकळी चिकटेना, तेव्हा गुळाचं पाणी लावलं. उजव्या-डाव्याचा वाद दिनकररावांनी पायावर उभं राहून आणि नंतर मुगाच्या ढिगावर डोकं टेकून सोडवला. देव सरळ असता तर त्याचा उजवा हात आपल्या डावीकडं आला असता. पण तो उलटा आहे, म्हणून त्याची आणि आपली उजवी बाजू एकच. म्हणजे गावाचे आजवरचे सगळे कौल बरोबर होते. हे ऐकून म्हातारा परत लग्न झालेला झाला आणि गाव मास्तरांना फारच मानू लागलं. त्यांच्या शेंडीतले मूग काढायला दोन बाया पुढं आल्या.

उजवी पाकळी पडली. देव तयार होता. पण दगडाला हात लावायला गावातलं कुणी तयार होईना.

"आमचा हात पुन्यांदा चुकला तर?" सटवाजी म्हणाला. "तुमचं काय, तुमी सेलूचे."

तेव्हा मंडळानंच धोतरं खोचली. विष्णुपंतांनी काळा कोट काढून बाभळीला टांगला आणि कुदळ घेतली. कोट निघाल्यावर ते वकील वाटेनात, चांगले खणू लागले. बन्सीधरशेठनी कापसाची गाठ उचलतात तसा दोर आवळला, खाली वासा सरकवला. "गाठ आहे समजा," ते म्हणत होते. "भिजलेली गाठ." एरवी मंडळात हिशोबापलीकडे तोंड न उघडणाऱ्या शेठचा आवाज त्या दिवशी फाट्यापर्यंत गेला असेल. दगड आडवा झाला, कापसावर वळला आणि डोकं वर करून उभा राहिला. त्याच्या बुडाशी माती दाबताना चौघांच्या अंगावर इतका चिखल होता की कोण अध्यक्ष ते ओळखू येत नव्हतं.

कडूबाईनं घागरभर पाणी ओतून दगड धुतला. मग गाव हळूहळू जवळ आलं. सगळ्यांत खाली गायी होत्या आणि त्यांच्यापुढं एकटा लढणारा वीर. त्याच्यावरच्या चौकटीत दोन बायांनी त्याला काखेत धरून उचललं होतं. वर महादेवाची पिंड, आणि तिच्यावर चंद्र-सूर्य.

"ह्या बाया कोन?" कडूबाईनं विचारलं.

"अप्सरा. त्याला स्वर्गात न्यायलेत."

कडूबाईनं मान हलवली. "इतके दिस खाली न्यायल्या व्हत्या मग."

ऊन कलायला लागलं तसा बन्सीधरशेठनी बैल जोडले. गाडीत कापूस होता तसाच होता. अनंतराव कठड्याला हात लावून उभा राहिला. दगड सरळ उभा असलेला बघून त्याला बरं वाटत होतं, आणि आता गिर्दावराला काय दाखवायचं ते सुचत नव्हतं.

"कुठं निघालाव?" सटवाजी आडवा आला.

"घरी."

"असं कसं? देव उभा करनारा मानकरी असतो. आमच्या पंजानं रोवला म्हनून आमी करीत व्हतो. आता तुमी. अमुशेला दिवा लावायचा. दसऱ्याला आपटा वाहायचा. चैतात जत्रा, तवा पालखीम्होरं तुमी. पोळ्याला पैला बैल हितं आनायचा."

"बैल कोणाचा?" बन्सीधरशेठनी विचारलं.

"मानकऱ्याचा."

विष्णुपंत हरकत घ्यायला तोंड उघडत होते, पण अनंतरावानं कठड्यावरचा हात काढला होता. हुकमात पुढच्या सालात काय काय करणार ते विचारलं होतं. ते तर सटवाजीनं एका दमात सांगून टाकलं. गेल्या कित्येक सालांत मंडळाला एवढे कार्यक्रम सुचले नव्हते.

"पंत," तो म्हणाला, "वस्तू मंडळाच्या जागेत असावी, असा हुकूम आहे. मंडळ सेलूतच असावं, असं कुठं म्हटलंय का?"

विष्णुपंतांनी हुकूम मनात वाचला. मग परत एकदा वाचला. त्यांच्या चिखलानं माखलेल्या मिशा हलल्या. "नाही," ते म्हणाले. "असं कुठंही म्हटलेलं नाही."

"मग देव येत न्हाई तर न येवो. मंडळ आनू हितं."

यालाही देवाचा कौल घेतला. आता देव सरळ झाल्यानं त्याची उजवी बाजू बदलली होती, तेव्हा सटवाजीनं आधी ते त्याच्या कानावर घातलं. देव हो म्हणाला. मग गावानं म्हटलं, लागलंच आहे तर सालाचं सगळंच विचारून घेऊ. दर अमावास्येला बैठक? हो. बैठकीआधी जेवण? हो; ही पाकळी तर सटवाजीचा हात निघायच्या आत पडली. दुधनेच्या काठचे बाकीचे दगड शोधायला जायचं? हो. जत्रेत दिनकररावांचा निबंध?

न्हाई.

दिनकररावांनी निबंध थोडक्यात करायची तयारी दाखवली. न्हाई. नुसता शेवटचा परिच्छेद? दोन्ही पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. देव विचार करायलाय, असं सटवाजी म्हणाला. मास्तरांनीही ते मानलं; इतक्या बारकाईनं त्यांच्या निबंधाचा विचार आजवर कुणी केला नव्हता. ठराव पहिल्यांदाच मतभेदाशिवाय मंजूर झाले, कारण अपील कुठं करायचं ते विष्णुपंतांनाही कळेना.

आबान संपता संपता गिर्दावर आले. आधी सेलूला गेले, तिथून फाट्यावर, तिथून पुढं चिखलात घोडा अडला तेव्हा जोडे हातात घेऊन पायी. बाभळीवर मंडळाची पाटी होती. तिच्याखाली सतरंजीवर मंडळ बसलं होतं आणि मंडळाभोवती गाव.

"मंडळ कुठंय?"

"हे," विष्णुपंत म्हणाले. कोट परत अंगात असल्यानं ते पुन्हा वकील झाले होते.

"आणि चीज?"

"चीज न्हाई सायेब, देव हाय," कडूबाई म्हणाली.

"म्हणजे मंडळाच्या ताब्यात आहे ना?"

"मंडळ त्याच्या ताब्यात हाय."

गिर्दावरांनी दगड पुढून पाहिला, मागून पाहिला. दोनशे वर्षांहून जुना आहे का, एवढं विचारलं. पुढच्या सालाचे कार्यक्रम ऐकले आणि जेवणाचं परत एकदा ऐकलं. मग त्यांनी तपासणीचा मुआयना लिहायला घेतला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचला: वस्तू आणि मंडळ एकाच जागी आढळले, कोण कोणाच्या ताब्यात, याबद्दल गावात तक्रार नाही, इजाजत चालू ठेवण्यास हरकत नाही. जेवण झाल्यावर त्यांनी सटवाजीला बाजूला घेतलं आणि हळूच, आपल्या बदलीचं काय होईल ते देवाला विचारता येईल का, असं विचारलं. ते घोड्याकडे परत गेले तेव्हा खुशीत होते, जोडे मात्र अजून हातातच होते.

अनंतराव जागेवरच बसून राहिला. इजाजत कायम राहिली होती. सतरंजीवर कुणीतरी गुळाचा खडा फिरवत होतं.

"बसलाव काय," कडूबाई म्हणाली. तिनं शेंगांचं सूप मांडीवर ओढलं. "सांगा की. कोन व्हता ह्यो?"

तो उठला. नाव माहीत नाही, असं त्यानं आधीच सांगून टाकलं. नाव कोरायचं राहिलंय, नाहीतर झिजलंय. मग तो हळूहळू सांगायला लागला. कुणीतरी रात्रीचे आले असतील, गुरं वळवून न्यायला. गावात त्या वेळी हाच एक जागा असेल, किंवा यालाच ऐकू आलं असेल. बाया शेंगा सोलत ऐकत होत्या, बाप्ये तंबाखू मळत ऐकत होते. मधेच एक जण म्हणाला, आमच्या खळ्यावरून बी असंच न्हेलं व्हतं, आणि त्याला इतरांनी गप केलं. दिनकरराव शेजारच्या म्हाताऱ्याला ढाल कशाची असते ते समजावत होते. विष्णुपंतांनी एकही हरकत घेतली नाही. वीर पडला तिथपर्यंत अनंतराव आला आणि थांबला. इतकं लांब त्याचं बोलणं याआधी कधी गेलं नव्हतं, त्यामुळे पुढं काय करतात ते त्याला माहीत नव्हतं.

"गायी वाचल्या का?" कडूबाईनं विचारलं.

अनंतरावानं दगडाकडे पाहिलं. सगळ्यांत खालच्या चौकटीत गायी एकीमागं एक निवांत उभ्या होत्या. एकीनं मान वळवून मागं बघितलं होतं.

"वाचल्या."

"मग बरं," कडूबाई म्हणाली आणि सूप त्याच्याकडं सरकवलं. "घ्या, सोलता सोलता सांगा. म्होरं?"